घरच्यांची, मित्रमैत्रिणींची धडपड बघून राजकारणावरचा विश्वास टिकतो का तुमचा? आणि त्यांचं देणं कसं फेडता?

मांजराकाठची

नमस्कार, बरेच महिने नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर समजून घ्या.

माझी आई लातूर जिल्ह्यात आशा, म्हणजे गावात घरोघरी आरोग्याचं काम करणारी सेविका आहे, गावात आशा नेमल्या तेव्हापासून. वडिलांची कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन, ते गेल्या हंगामात हमीभावाच्या खालीच घालावं लागलं. मी हिंजवडीत नोकरी करते. आमच्या घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार येणारी मी पहिलीच.

आईचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते. बाळ दवाखान्यात जन्मलं की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, वजन करायचं, ताप बघायचा, बाळ अंगावर नीट पितंय का ते बघायचं, आणि या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. गरोदर बायांची नोंदणी, लसीकरण, सर्व्हे, टीबीच्या गोळ्या हे सगळं वेगळंच, त्याचे वेगळे मोबदले, आणि ते कधी जमा होतील याचा नेम नाही.

जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या ते आठवत असेल. आधी नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढ कबूल झाली होती पण जीआर, म्हणजे सरकारचा लेखी आदेश निघत नव्हता. फेब्रुवारीत हजारो बायका मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसल्या, आई पण त्यात. मी पुण्याहून तिला भेटायला गेले तर ही मैदानात पेपर अंथरून बसलेली, डोक्यावर ऊन, शेजारी गडचिरोलीकडची एक बाई, आणि फोनवर गावातल्या कुणाला तरी विचारत होती की लोहाच्या गोळ्या घेतल्यास का गं, नवव्या महिन्यात आहेस, पोट दुखायला लागलं तर थेट सिस्टरला फोन लाव, माझी वाट बघू नकोस. म्हटलं आई तू संपावर आहेस ना. म्हणाली संप सरकारशी आहे, तिच्याशी थोडाच आहे.

मार्चमध्ये मंत्रिमंडळाने आशांना महिन्याला ५००० वाढ मान्य केली, नोव्हेंबरपासून लागू. मागितली होती ७०००. आईने घरी आल्यावर पहिल्यांदा हेच सांगितलं की दोन हजार राहिलेत.

माझा प्रश्न असा की २०२२ पासून आपल्या राज्यात जे चाललंय, पक्ष फुटले, ज्याच्याविरुद्ध मत मागितलं त्याच्याच मांडीला मांडी लावून बसले, ते बघून माझ्या ऑफिसमधली, माझ्या वयाची सगळी मुलं म्हणतात मत देऊन काय होतं. मला तसं वाटत नाही आणि त्याचं कारण कुठला नेता नाही, आई आहे. आणि तिच्याबरोबरच्या त्या बायका, ज्यांना मी लहानपणापासून मावशी म्हणते. असं तुमचं कुणाचं आहे का?

आणि दुसरं, याचं देणं फेडायचं कसं? पैसे घेत नाही. नोकरी सोड आता, मी कमावते असं म्हटलं तर म्हणाली मी सोडलं तर माझ्या जागी येईल तिला पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल. मला खरंच कळत नाही काय करू.

---

डोंगरपायवाट

ताई, तुझी पोस्ट वाचून आईलाच फोन केला आधी.

मी सुरगाण्याचा. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून जो किसान सभेचा लाँग मार्च निघाला त्यात माझी आई, काका आणि आजी होते. आजीला सगळे नको म्हणत होते पण ती म्हणे जमीन माझ्या नवऱ्याने कसलीये, कागद मागायला मीच जाणार. नाशिक ते मुंबई १८० किलोमीटर, कसारा घाट उतरून, तापलेल्या डांबरावरून. चपला तुटल्या, पायाची सालं निघाली, त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पेपरात बघितलेत.

पण एक गोष्ट मला कायम आठवते. ११ तारखेला रविवारी मार्च सायनला सोमय्या मैदानावर पोचला. सोमवारी सकाळी निघायचं ठरलेलं, पण दहावीची परीक्षा चालू होती, मुंबईच्या पोरांना ट्रॅफिकमुळे पेपरला उशीर नको म्हणून हे सगळे लोक, दिवसभर चालून आलेले, न झोपता रात्रीतूनच आझाद मैदानाकडे चालत निघाले. आणि त्याच वर्षी मी दहावीला होतो, आश्रमशाळेत. माझी आई अनोळखी पोरांच्या पेपरसाठी रात्री चालत होती आणि तिचा स्वतःचा पोरगा तोच पेपर द्यायला बसणार होता, त्याला शुभेच्छा द्यायला तिच्या फोनमध्ये चार्जिंग पण नव्हतं. सकाळी मुंबईकरांनी रस्त्यात पाणी, बिस्किटं, चपला दिल्या, ते आजी अजून सांगते, नावं माहीत नाहीत कुणाची पण सांगते.

सरकारने लेखी दिलं. मग सगळं झालं का, तर नाही. २०१९ ला पुन्हा निघावं लागलं, २०२३ ला पुन्हा, तेव्हा दिंडोरीहून निघून वासिंदला थांबले. आमचा वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद मिळाला पण कसतो त्यापेक्षा कमी जमिनीचा, बाकीच्याचं अपील चालू आहे. म्हणून मी कुणाला सांगत नाही की मोर्चा काढला की मिळतं. पण आधी आमच्या गावात फॉरेस्टचा गार्ड आला की माणसं घरात जायची. आता बाहेर येऊन उभी राहतात आणि विचारतात कुठल्या कलमाखाली. हे मी डोळ्याने बघितलंय, आणि मला राजकारण म्हणजे हेच वाटतं, मंत्री कोण झाला ते नंतर.

देणं फेडायचं म्हणशील तर मी सध्या गावातल्या लोकांचे दावे भरून देतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, लोकांना वाटतं कागद नाही म्हणजे संपलं, पण गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबसुद्धा पुरावा म्हणून चालतो. ते लिहून घ्यायचं, जीपीएसवर मोजणी करायची, ग्रामसभेपुढे ठेवायचं. पगार काही नाही त्याचा, नोकरी वेगळी आहे. शनिवार-रविवार करतो. आजीचा जबाब पहिला लिहिला.

---

वऱ्हाडी_पाहुणा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

आपण ज्यांच्या कष्टाचं कौतुक करतो त्यांना कौतुकावरच भागवलं जातं असा माझा अनुभव आहे. २२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांना पुरस्कार दिला, चांगलीच गोष्ट आहे. पण मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट जेमतेम ओसरत असताना महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला तेव्हा कुठे हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता मिळाला. थाळी वाजवणारे आपण त्या संपात कुठे होतो? मला स्वतःला हा प्रश्न टोचतो.

माझी बहीण अंगणवाडी मदतनीस आहे. सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ ला सांगितलं, ती केस गुजरातमधल्या बायकांनी वर्षानुवर्षं लढवली होती. बहीण त्यांना ओळखत नाही, त्या हिला ओळखत नाहीत. त्यामुळे उमेद आहे का तर आहे, मी नाही म्हणत नाही. पण कृतज्ञता वाटली की ती पैशात, कायद्यात, पेन्शनमध्ये उतरते का एवढंच मी बघतो. नाहीतर ती आपल्याच मनाच्या समाधानासाठी राहते.

---

पाथर्डीचा_मास्तर

पोरी, मी तुझ्या आजोबांच्या वयाचा असेन, रिटायर्ड शिक्षक आहे, टायपिंगला वेळ लागतो.

वऱ्हाडी म्हणतात ते बरोबर आहे, त्यालाच जोडून एक सांगतो. तुझ्या पगाराच्या स्लिपवर बघ, दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, फेब्रुवारीत ३००. तो कर १९७५ मध्ये महाराष्ट्राने लावला तो रोजगार हमीसाठी. शहरात पगार घेणाऱ्याने खेड्यात काम मागणाऱ्यासाठी द्यायचा पैसा. बहुतेक नोकरदारांना हे माहीत नसतं.

आता हा कायदा आला कुठून? १९७२ च्या दुष्काळातून. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत किंवा खाटकाकडे, लाल मिलो ज्वारी खायची वेळ आली. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मी लहान होतो, तिच्याबरोबर जायचो कारण तिथे खायला सुकडी मिळायची. हाताला फोड आलेले असायचे, संध्याकाळी ते फोड सुईने फोडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातोडी. या कामांवर राज्यात लाखो लोक होते आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येने. त्या नुसत्या राबल्या नाहीत. काम बंद पडलं की तहसीलवर मोर्चा, मजुरी अडकली की मोर्चा, माप कमी धरलं की मुकादमाला घेराव. माझ्या आईला सही येत नव्हती पण आज किती घनफूट खडी झाली आणि त्याचे किती होतात हे ती तोंडपाठ सांगायची, मुकादम तिच्यापुढे गडबड करायला कचरायचा.

वि. स. पागे यांनी योजना मांडली, त्यांचं नाव पुस्तकात आहे आणि असायलाच पाहिजे. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं तर ते देणं सरकारला बंधनकारक, असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. २००५ मध्ये दिल्लीने देशभर जो कायदा केला त्याच्यामागे हा अनुभव होता. ज्यांनी खडी फोडली त्यांच्यातल्या कितीजणींना हे कळलं कोण जाणे. माझी आई जायच्या आधी मी तिच्या उशाशी बसून तिला हे सगळं समजावून सांगितलं होतं, ती म्हणाली मग मजुरी वेळेवर देतात का आता.

तर आभार मानायचे असतील तर तुझ्या आईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळवून दे. दोन हजार राहिलेत म्हणते ना, मग त्याच्यामागे लाग.

---

पंचगंगा_८८

आईवडिलांबद्दल सगळे लिहितायत, मी मैत्रिणीबद्दल लिहिते.

आम्ही इचलकरंजीजवळच्या. शाळेपासून एका बेंचवर बसलेलो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. यंत्रमागावर होता. दवाखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज, दोन पोरं. बाराव्याला बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा मी तिथंच होते, मला काही बोलता आलं नाही, तीच म्हणाली माझ्या पोरांसमोर हे करू नका. पण केलंच.

नंतर ती कपडे शिवायला लागली. मुलांसाठी बालसंगोपनाचे पैसे मिळतात, वारसनोंद करून घ्यावी लागते, कर्जाच्या वसुलीवाल्याशी काय बोलायचं, हे सगळं ती शिकली आणि मग आजूबाजूच्या गावातल्या तिच्यासारख्या बायका तिच्याकडं यायला लागल्या. तेव्हा राज्यभर कोरोनात एकल झालेल्या बायकांचं काम उभं राहिलं होतं, सरकारनं पण त्यासाठी वात्सल्य मिशन काढलं. तिच्या घरात शिलाई मशीन एका बाजूला आणि फॉर्म भरायला बसलेल्या बायका एका बाजूला असं चित्र असायचं.

मग मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की विधवा प्रथा बंद, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. राजर्षी शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं ते. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना असंच करा म्हणून सांगितलं. तिनं तो ठराव झेरॉक्स करून आणला आणि आमच्या गावच्या ग्रामसभेत स्वतः उठून वाचला. कपाळाला टिकली लावून गेली होती. मी तिच्या शेजारी उभी होते, माझेच पाय थरथरत होते.

सगळं बदललंय असं नाही, ठराव कागदावर आणि हळदीकुंकवाला बोलवायचं नाही अशी घरं अजून आहेत. पण मला कुणी विचारलं की राजकारणाने काय होतं तर मी तिचं नाव सांगते. आणि देणं म्हणाल तर मी तिच्या पोरांचा अभ्यास घेते संध्याकाळी आणि तिला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं असेल तेव्हा दुकान सांभाळते. तिनं मागितलं नाही कधी. मीच विचारलं की तुझा कुठला वेळ मोकळा करून देऊ.

---

मांजराकाठची

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, वाचताना मध्ये मध्ये थांबावं लागलं मला.

वऱ्हाडीदादा, राग नाही आला, उलट तुमचं वाचूनच मला कळलं मी काय विचारत होते. मी आईला साडी घेऊन दिली, फोन घेऊन दिला, ते तिने घेतलं आणि तिला आवडलं पण. पण ती जे मागतेय ते वेगळंच आहे आणि ते मी एकटी देऊ शकत नाही.

मास्तरकाका, स्लिप उघडून बघितली, २०० रुपये आहेत. इतकी वर्षं त्या ओळीकडे लक्षच दिलं नव्हतं. तुमच्या आईंचा प्रश्न मी आईला सांगितला फोनवर, ती एकदम म्हणाली आमचं पण तेच आहे की, वाढ झाली पण कुठल्या महिन्याचं कुठलं आलं तेच कळत नाही, राज्याचं वेगळं, केंद्राचं वेगळं, कामाचा मोबदला वेगळा, बँकेत एकच आकडा दिसतो. विचारायला गेलं तर वरून आलं नाही म्हणतात.

पंचगंगाताई, कुठला वेळ मोकळा करून देऊ हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

कुणी आशा किंवा गटप्रवर्तक असेल इथे तर सांगाल का, माझ्यासारखी लांब राहणारी मुलगी नेमकं काय करू शकते? मला एक्सेल येतं, इंग्रजी पत्र लिहिता येतं, सुट्टी फार नाही.

---

गटप्रवर्तक_मावशी

मी गटप्रवर्तक आहे, जिल्हा सांगत नाही. संपात होते. तुझ्या आईला बघितलं पण असेल मी, तिथे सगळ्याच एकमेकींच्या ताटातलं खात होतो.

पोरी तुला एक्सेल येतं ना मग ऐक. आमच्याकडे सगळ्यात मोठी अडचण हीच आहे जी तुझी आई बोलली. आशा महिन्याच्या शेवटी कामाचा फॉर्म भरून देते, किती नोंदण्या, किती बाळंतपणं, किती गृहभेटी, तो फॉर्म वर जातो आणि तिच्या हातात काही राहत नाही. तीन महिन्यांनी पैसे आले की ते कशाचे हे तिला आठवत नाही आणि आम्हाला पण छातीठोक सांगता येत नाही. कमी आले असं नुसतं तोंडी सांगितलं तर कुणी ऐकत नाही, कागद दाखवला तर ऐकावं लागतं. आमच्या बिटातल्या एका आशेच्या पोराने असं केलं, आईला सांगितलं फॉर्म देण्याआधी मोबाईलवर फोटो काढायचा आणि मला पाठवायचा, मग त्याने महिन्यावार मांडलं, एका बाजूला मागितलेले, दुसऱ्या बाजूला पासबुकात आलेले. पुढे बाकीच्या पण फोटो पाठवायला लागल्या. त्या कागदावर आम्ही युनियनतर्फे निवेदन दिलं आणि अडकलेले बरेच पैसे सुटले. सगळे नाही सुटले. पण पुढच्या वेळी बोलायला हातात काहीतरी होतं.

तू एकट्या आईचं करू नकोस, तिच्या पीएचसीच्या म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सगळ्या आशांचं कर, एकटीचं केलं की तिला एकटीला वेगळं काढतात. आणि आईला आधी विचार, तिच्या गटप्रवर्तकला पण विश्वासात घे, नाहीतर तिला वाटेल तिची तक्रार चालली आहे. कागद मराठीत कर. वर नाव, गाव, महिना, कामाचा प्रकार, संख्या, दर, मागितलेली रक्कम, जमा तारीख, जमा रक्कम, फरक. दर जीआरप्रमाणे टाक, जीआर नंबर खाली लिही. आणि अक्षर मोठं ठेव, आमच्यातल्या निम्म्या जणींना चष्मा लागलाय.

---

मांजराकाठची

मावशी, आत्ताच आईशी बोलले. तिच्या पीएचसीच्या ग्रुपवर टाकते म्हणाली, तिच्या गटप्रवर्तक ताईंना उद्या लसीकरणाच्या दिवशी भेटणार आहे तेव्हा बोलेल. मागच्या महिन्याच्या फॉर्मचा फोटो तिच्याकडे निघाला, त्यावरून पहिला कागद बनवते. गृहभेटीचे बाळावार वेगळे रकाने करू की एकत्रच?

---

गटप्रवर्तक_मावशी

बाळावार कर. जन्मतारीख पण टाक, म्हणजे बेचाळीस दिवस कधी भरले ते दिसतं, तिथेच जास्त गाळतात.